पडवीतली जुनी जीप

मंडळी, मुळशी तालुक्यात पौडच्या बाजूला एखाद्या घराच्या पडवीत जुनी जीप धूळ खात उभी दिसते. धनी म्हणतो, "गुरुजी, आता भंगारात घालतो झालं!" त्याला म्हणावे, थांबा, आधी तिचे कागद काढा.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनल्या. महिंद्रांनी विलीज जीप आणली. अशा गाड्या जपणारे हौशी लोक आज पुण्या-मुंबईत आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमाने, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मात्र तिने रोजची ने-आण किंवा भाडे करता येत नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर न्यायची.

मेख पुढेच आहे. सांगाडा, टप अन् इंजिन मूळचे हवे. अमेरिकेत १९३० नंतर पोरांनी जुन्या फोर्डला दांडगे इंजिन घालून 'हॉट रॉड' केल्या. आपल्याकडे पेट्रोल परवडेना, म्हणून कैक जीपना डिझेल इंजिन बसले. दोन्हींत हौस वा गरज खरी. पण अशी गाडी या नियमात बसत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंनो, गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला एकदा शाळेत बोलवा. मूळचा भाग कोणता अन् मागाहून बसवलेला कोणता, हे तोच पोरांना दाखवील. गाडी एकदा भंगारात गेली, की ती परत येत नाही.