वर्गातील मासे आणि शहराचे पाणी

अमेरिकेतील कित्येक शाळांत मुले वर्गातल्या काचेच्या टाकीत ट्राउट माशाची पिल्ले अंड्यांपासून वाढवितात. या माशाला थंड, निर्मळ पाणीच मानवते. कारण उघड आहे: १० अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८. शिवाय माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो व टाकीत साचतो. तो वेळच्या वेळी मोजून पाणी बदलले नाही, तर पिल्ले दगावतात. जगलेली पिल्ले न्यूयॉर्क शहरातील मुले वसंतात, शहराच्या तलावांना मिळणाऱ्या ओढ्यांत सोडतात. तेच पाणी पुढे त्यांच्या घरच्या नळाला येते. पाणी राखा, असा उपदेश मग त्यांना निराळा करावा लागत नाही.