गोळी थांबवली का? मगच हात पुढे करा

‘थेंबभर रक्तात शेकडो पदार्थांची अ‍ॅलर्जी ओळखा!’ पावसाळा सरत आला, शिंका-खाज वाढली, की अशा जाहिरातींनाही बहर येतो. पैसे भरण्याआधी एकच विचारा: तपासणार काय, आयजीई की आयजीजी?

झटकन उसळणाऱ्या अ‍ॅलर्जीमागे असतं आयजीई हे प्रतिपिंड. ते १९६०च्या दशकात इशिझाका दाम्पत्याने शोधलं. आयजीजी एवढंच सांगतं, की तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे. रोज पोळी खाणाऱ्याच्या रक्तात गव्हाविरुद्धचं आयजीजी सापडलं, तर त्यात नवल ते काय! अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं निदान त्यावरून करू नका, असं युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनांनी कधीच बजावलंय. तरी असा अहवाल हातात पडतो आणि पोराचं दूध, शेंगदाणे, अंडं सगळंच बंद होतं. माझ्या मते हा शुद्ध धंदा आहे.

खरी चाचणी साधी असते. हातावर निरनिराळ्या पदार्थांचे थेंब, हलकी टोच, पंधरा-वीस मिनिटांनी गांध मोजायची. त्यातला एक थेंब हिस्टामिनचा. त्याने प्रत्येकालाच गांध उठायला हवी. पण सेट्रिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन आलात तर तीही उठत नाही आणि फेरी फुकट जाते. म्हणून अशा गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. सर्दीच्या गोळ्या, खोकल्याची औषधं यांतही त्याच जातीचं औषध लपलेलं असतं, तेव्हा सगळ्या पट्ट्या सोबत न्या. दम्याचा पंप मात्र सोडू नका. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर आधीच सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

गाजरगवताचं प्रकरण वेगळं. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलेलं हे तण चेहरा-मानेवर इसब उठवतं, ते टोचून सहसा कळत नाही. त्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवतात. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही.

आणि गांध उठली म्हणजे अ‍ॅलर्जी ठरली, असंही नाही. धुळीची गांध उठूनही धुळीत मजेत वावरणारे कितीतरी असतात. त्रास कधी, कुठे, काय खाल्ल्यावर होतो, हे घरूनच लिहून न्या. ते न विचारताच जिथे सुई काढतात, किंवा जिथे अचानक मोठा त्रास झालाच तर लागणारं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवलेलं नसतं, तिथून सरळ उठून या.