फामागुस्ता आणि त्यातले चौघे

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलन ज्या मैदानावर होतं, त्याचं नाव खेत्रपाल परेड ग्राउंड. तीन वर्षं घाम गाळून बाहेर पडणारी प्रत्येक तुकडी शेवटचं संचलन याच मैदानावर करते. डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत या नावाचं सभागृह आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीरांची नावं देण्यात आली, त्यातलं एक बेट याच नावाचं. श्रीराम राघवन यांच्या ‘इक्कीस’ या चित्रपटामुळे आता ते घरोघरी पोहोचलं आहे. तरीही पुण्यात हे नाव काढलं की अनेकजण विचारतात, हे इथले कसे?

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०चा. वडील मदनलाल खेत्रपाल लष्कराच्या अभियांत्रिकी दलात अधिकारी. कुटुंब मूळचं सरगोध्याचं, फाळणीनंतर इकडे आलेलं. घरात सैनिकी पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पणजोबा शिखांच्या खालसा फौजेतून इंग्रजांविरुद्ध लढले होते आणि आजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात होते. अरुण सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये शिकला आणि १९६७ साली जन्मगावाच्या वेशीवर, खडकवासल्याला दाखल झाला. प्रबोधिनीत तो फॉक्सट्रॉट स्क्वॉड्रनचा कॅडेट कॅप्टन होता. १३ जून १९७१ रोजी त्याला कमिशन मिळालं ते १७ हॉर्समध्ये, म्हणजेच पूना हॉर्समध्ये.

या पलटणीच्या नावातही पुणे आहे. १८१७ साली पेशवे आणि इंग्रज यांच्यात पुण्याचा तह झाला. त्यानुसार पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजांनी उभारलेल्या घोडदळातून ही पलटण पुढे आली. १९७१पर्यंत घोडे जाऊन रणगाडे आले होते आणि जवान बहुतांशी राजस्थानचे होते, पण नाव पुण्याचंच राहिलं. १९६५च्या युद्धात याच पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना परमवीर चक्र मिळालं होतं. तेही पुण्याच्याच शाळेत शिकलेले. सहा वर्षांपूर्वी आपल्या कमांडिंग ऑफिसरने रणगाड्यात प्राण दिले, हे ज्या पलटणीतले जुने सवार नव्याला सांगत असतील, तिथे वीस वर्षांचा हा मुलगा रुजू झाला.

तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी त्याला अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पाठवलं होतं. तिथल्या चिलखती दलाच्या केंद्रात रणगाड्याचं शिक्षण सुरू असतानाच युद्धाची चिन्हं दिसू लागली, वर्ग थांबवले गेले आणि सगळ्यांना आपापल्या पलटणीत जायचे हुकूम आले. वाटेत तो दिल्लीला घरी उतरला. सामान बांधताना त्याने गोल्फच्या काठ्या आणि समारंभाचा निळा पोशाख बरोबर घेतला. लाहोरला गोल्फ खेळायचंय आणि जिंकल्यावर मेजवानी होईल तेव्हा हा पोशाख लागेल, असं त्याचं म्हणणं होतं. ही आठवण त्याच्या घरच्यांनी सांगितलेली आहे. मला त्यात बढाई दिसत नाही. एकवीस वर्षांच्या मुलाला आपण परत येणार याची खात्री असते, ती खात्री दिसते.

रावी आणि चिनाब यांच्या मधला शकरगढचा पट्टा पाकिस्तानच्या नकाशात भारताकडे फुगून आलेला आहे. तिथून शत्रू पुढे सरकला असता तर जम्मूला जाणारा पठाणकोटचा रस्ता तुटला असता, म्हणून भारतीय सैन्याने आपणहून त्या भागात धडक मारली. वाटेत बसंतर नदी होती आणि भूसुरुंगांचे पट्टे होते. १५ डिसेंबरच्या रात्री ४७ इन्फन्ट्री ब्रिगेडने नदीपलीकडे पाय रोवले. पण पायदळाच्या मदतीला रणगाडे पोहोचायचे तर आधी सुरुंगांतून वाट मोकळी व्हायला हवी होती. ते काम सॅपर्सचं, म्हणजे अभियांत्रिकी दलाच्या जवानांचं होतं. अंधारात, वरून मारा होत असताना, जमिनीतला एकेक सुरुंग शोधून काढायचा. हे काम निम्म्यावर असतानाच पलीकडून निरोप आला, की शत्रूचे रणगाडे हालचाल करताहेत. पूना हॉर्सने थांबायचं नाही असं ठरवलं आणि न साफ केलेल्या सुरुंगांतूनच रणगाडे पुढे घातले. ९ इंजिनियर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी युद्धाच्या पहिल्या दिवसांपासून अशा वाटा काढत होते. ते १६ डिसेंबरला इथेच धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

त्या सकाळी जरपालजवळ पूना हॉर्सच्या ‘बी’ स्क्वॉड्रनवर शत्रूच्या पॅटन रणगाड्यांचा दाब वाढला आणि कुमक मागवली गेली. ‘ए’ स्क्वॉड्रनमधून अरुण आपल्या तुकडीसह निघाला. वाटेत शत्रूची ठाणी आणि रणगाडाविरोधी तोफांचे मोर्चे होते. ते चिरडत, काही सैनिकांना पिस्तुलाच्या धाकाने कैद करत तो पोहोचला. मग शत्रूचा पलटहल्ला आला. समोर मोठी संख्या आणि इकडे तीन रणगाडे. त्यातला एक मारा लागून थांबला, दुसऱ्याची तोफ अडली. उरला अरुणचा.

त्याच्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता. सायप्रसमधल्या एका शहराचं हे नाव. ब्रिटिश बनावटीचा, पन्नास टनांच्या आसपासचा हा सेंच्युरियन. त्यात चार माणसं असतात. चालक पुढे, एकट्याने. बाकी तिघे बुरुजात. तोफेवरचा नेमबाज, गोळे भरणारा आणि बिनतारी यंत्रही सांभाळणारा एकजण, आणि सर्वांत वर, झाकणातून डोकं बाहेर काढून आजूबाजूला पाहणारा कमांडर. कमांडरने शत्रू दाखवायचा, भरणाऱ्याने गोळा सरकवायचा, नेमबाजाने नेम धरायचा. यातला एक जरी कोलमडला तरी रणगाडा आंधळा किंवा मुका होतो. फामागुस्तात चालक होते सवार प्रयाग सिंग, तोफेवर सवार नथ्थू सिंग आणि बिनतारी यंत्रावर सवार नंद सिंग.

त्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले. त्यातले चार अरुणने टिपल्याची नोंद त्याच्या गौरवपत्रात आहे. फामागुस्तालाही गोळा लागला आणि त्याने पेट घेतला. बाहेर पड, असा वरिष्ठांचा आदेश बिनतारी यंत्रावर आला. आपली तोफ अजून चालते आहे, आपण रणगाडा सोडणार नाही, असं उत्तर त्याने दिलं. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हणुत सिंग यांनी कोणीही तसूभर मागे हटायचं नाही असं आधीच बजावलं होतं. शेवटचा पॅटन त्याने टिपला तेव्हा दोघांमधलं अंतर जेमतेम १०० मीटर होतं, शाळेच्या मैदानावर मुलं धावतात तेवढंच. मग दुसरा गोळा फामागुस्तावर बसला. नंद सिंग आणि अरुण तिथेच गेले. प्रयाग सिंग आणि नथ्थू सिंग जखमी झाले, पण वाचले. शत्रूला मात्र तिथून पुढे सरकता आलं नाही.

तारीख १६ डिसेंबर १९७१. त्याच दिवशी दुपारी ढाक्याला पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. पश्चिमेची युद्धबंदी दुसऱ्या दिवशी झाली. खेत्रपालांच्या घरी, लढाई संपली, आता मुलगा येईल, म्हणून वाट पाहणं सुरू होतं. १७ तारखेला सांब्याजवळ त्याच्यावर अंत्यसंस्कार झालेही होते. घरी त्यानंतर तार आली.

१९७१च्या युद्धातल्या चार परमवीर चक्रांपैकी दोन बसंतरची आहेत. एक ३ ग्रेनेडियर्सच्या मेजर होशियार सिंग यांचं, दुसरं अरुणचं. तोपर्यंतचा तो सर्वांत तरुण परमवीर. हे पदक घडवणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये जन्मून मराठी सैनिकी घराची सून झालेल्या बाई. त्यांनी चकतीवर राजमुद्रेभोवती इंद्राची चार वज्रं कोरली, कारण दधीची ऋषींनी वज्रासाठी आपली हाडं दिली ही कथा त्यांना ठाऊक होती.

२००१ साली ब्रिगेडियर मदनलाल खेत्रपाल वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला पाकिस्तानी सैन्याचे निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि अतिशय जिव्हाळ्याने सगळं दाखवलं. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री नासर यांनी त्यांना सांगितलं, की १९७१मध्ये मी १३ लान्सर्समध्ये मेजर होतो आणि तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. समोर बसलेला बाप स्वतः सैनिक होता. यजमानाने आपलं कर्तव्य केलं हे त्याला कळत होतं. दोघांनी निरोप घेतला तो वैर न ठेवता. शत्रूने दिलेली ही कबुली मी कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोठी मानतो, कारण त्या रणगाड्यासमोर उभं राहिलेल्या माणसाने ती दिली.

आपल्याकडे स्मरण म्हणजे चौकाला नाव, कोनशिला आणि वर्षातून एकदा हार असं ठरून गेलं आहे. नाव दिलं हे चांगलंच झालं. पण अरुणला एकट्याला उंच चौथऱ्यावर ठेवलं तर बसंतरची लढाई समजत नाही. चौधरींच्या सॅपर्सनी अर्धी वाट काढली नसती तर रणगाडे पलीकडे गेलेच नसते. नंद सिंगने अखेरपर्यंत गोळे भरले नसते तर ती तोफ चाललीच नसती.

शत्रूच्या हाती गेलेला फामागुस्ता पुढे भारताला परत मिळाला आणि तो आज नगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात, अरुण जिथून युद्धावर गेला तिथेच, जतन केलेला आहे. त्याच केंद्राने १९९४ साली सुरू केलेलं रणगाडा संग्रहालय नागरिकांसाठी खुलं असतं. तिथे सेंच्युरियनही आहे आणि पॅटनही. शिर्डी-शिंगणापूरला जाताना आपण नगरवरून जातो, त्या प्रवासातले दोन तास या संग्रहालयाला द्या. मुलांना दोन्ही रणगाड्यांजवळ घेऊन जा, शंभर मीटर म्हणजे किती ते तिथे पावलांनी मोजून दाखवा, आणि अरुण खेत्रपालबरोबर सवार नंद सिंग यांचंही नाव त्यांना सांगा.