‘भोगवटादार’ कोण?

स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. यास्तव उपाहारगृहातील आग विझविण्याची साधने चालू स्थितीत ठेवण्याचे दायित्व कोणाचे, हे निःसंदिग्ध असावयास हवे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाने ते मालकाबरोबर भोगवटादारावरही ठेविले आहे. परवानाधारक संस्थेचा दाखला दर जानेवारीत व जुलैत सादर करावा लागतो.

अंबरनाथ-बदलापूरकडे ‘भोगवटादार’ हा शब्द परिचित आहे, परंतु सातबाऱ्यावरून. तेथे तो जमीनधारकाचा वाचक होय. साहजिकच भाड्याच्या गाळ्यातील हॉटेलचालक स्वतःस त्यातून वगळण्याचा संभव आहे. फाळणीनंतर कल्याण छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या बोलीत तर तो रुळला असण्याचे कारणच नाही. प्रस्तुत अधिनियमात मात्र भाडे देणारा भाडेकरूही भोगवटादारच. सूचनाफलकावर ‘गाळा चालविणारा’ असे लिहिल्यास हा घोटाळा टळेल.