पोलादाची निळी कड

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारातून जाताना स्टेनलेस स्टीलचे चकचकीत दरवाजे आणि कठडे तुम्ही पाहिले असतील. हे पोलाद सहसा गंजत नाही. असे का? त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवा लागताच क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर पोलादाचे रक्षण करतो.

जाड पत्रा कापायला प्लाझ्मा वापरतात. प्लाझ्मा म्हणजे वीज वाहून नेणारा अतितप्त वायू. त्याचा झोत सुमारे २०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता हळूहळू पसरते, म्हणून ती कडेलाच साचते. कड निळी पडते, पत्रा वाकतो आणि रक्षण करणारा थर बिघडतो. पुढे तिथेच गंज धरतो.

मग कारागिराने काय करावे? पत्रा योग्य वेगाने, मध्ये न थांबता कापावा. विजेचा प्रवाह पत्र्याच्या जाडीप्रमाणे ठेवावा. शक्य असल्यास नायट्रोजन वायू वापरावा आणि पत्रा पाण्याच्या टाकीवर ठेवून कापावा. शेवटी निळी कड घासून काढावी.

या कामातला धूर फुफ्फुसांना आणि उजेड डोळ्यांना घातक असतो. म्हणून गडद काच, हातमोजे आणि धूर बाहेर ओढणारा पंखा हवाच. पोलाद जपा, पण आधी स्वतःला जपा!