तानपुरा खोळीतून बाहेर काढा!

मैत्रिणींनो, लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर माहेरचा तानपुरा घेऊन सासरी आलेल्या आपल्यात कितीतरी जणी असतील. पहिली दोन-चार वर्षं गणपतीत, मंगळागौरीला त्याची खोळ निघते. मग एक तार तुटते, आणि "आणू सावकाश" म्हणता म्हणता तानपुरा कोपऱ्यात उभा राहतो तो राहतोच. त्याच्याबरोबर आपलं गाणंही! आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडे तर हे फारच. खारी, दमट हवा तारा गंजवते, खुंट्या फुगवते. दुरुस्तीला मुंबईला न्यावा, तर मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचा ऐन पावसाळ्यात बंद.

पण पुष्कळदा बिघाड एवढासाच असतो, आणि तो दुपारच्या तासाभरात घरी निघतो.

आधी तारा. बायकांच्या तानपुऱ्याला बहुधा पहिल्या तीन पोलादी आणि चौथी, खर्जाची, पितळी. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या. दुकानात जाताना जुन्या तारेचा तुकडा बरोबर न्या, म्हणजे जाडी चुकायची नाही. चारही तारा एकदम मात्र काढू नका, घोडी जागची हलते. एक काढा, एक लावा. खालच्या टोकाला तार अडकवली की मणी ओवायला विसरू नका (हे हटकून राहतं, मग सगळं पुन्हा सोडायचं!). मग घोडीवरून, वरच्या पट्टीच्या भोकातून खुंटीपर्यंत न्या आणि तीन-चार वेढे शेजारी शेजारी बसवा. गंजलेली तार घासत बसू नये, बदलावी.

खुंटी घसरत असेल तर ती काढून खडूची पूड चोळा. फिरतच नसेल तर पक्कड लावू नका. तानपुरा दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, निघाली की कोरड्या साबणवडीची एक रेघ ओढा. तेल नको हं! आपल्याकडे कशालाही खोबरेल लावायची सवय. मीही एकदा लावलं. खुंटी फिरली छान, पण तार काही तिच्यावर ठरेना. शेवटी पुसून, वाळवून पुन्हा खडूच.

आवाज बद्द येतो? मग दोरा बघा. घोडी आणि तार यांच्यामध्ये जो सुती दोरा असतो, त्याला 'जीव' म्हणतात, आणि नाव अगदी खरं आहे. जुना झिजलेला काढून नवा घाला. तार छेडत राहून दोरा अगदी तीळ तीळ सरकवा. एका जागी येताच आवाज फुलतो, तिथेच थांबा. चारही तारांना अशी जागा निराळी.

इथवर आपलं काम. घोडीला मात्र पॉलिशपेपर लावू नका. तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो आणि तारेची गुंजन त्यातूनच निघते. त्यालाच जवारी लावणं म्हणतात. मी "डाग दिसतात" म्हणून दोनदा कागद फिरवला आणि आईचा तानपुरा मुका करून बसले. तो मिरजेला न्यावा लागला. एकोणिसाव्या शतकापासून तिथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिराने घोडी थोडी घासायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायची, असं कितीदा तरी केलं. ते पाहून माझं मलाच हसू आलं आणि रडूही. भोपळ्याला मोठी चीर गेली किंवा तबली दबली, तरीही त्यांच्याकडेच न्या.

पावसाळ्यात तानपुरा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. वाजवून झाला की तारा कोरड्या फडक्याने पुसा. बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा जरा उतरवून ठेवा. आणि नवी तार पहिले दोन-तीन दिवस उतरत राहते, तेव्हा घाबरू नका. रोज संध्याकाळी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ती पुन्हा मिळवायला बसा.