तुर्की २ किलोमीटरवर, स्वतःचा देश ५०० किलोमीटरपलीकडे: कास्तेलोरिझो बेटाचं नेमकं प्रकरण काय आहे?

गुगल मॅप उघडा आणि ग्रीस शोधा. आता बोटाने नकाशा उजवीकडे सरकवत न्या. अथेन्स मागे पडेल, एजियन समुद्रातली बेटं मागे पडतील, ऱ्होड्स नावाचं मोठं बेटही मागे पडेल. तरी सरकवत राहा. ऱ्होड्सपासून साधारण सव्वाशे किलोमीटर पुढे, तुर्कीच्या किनाऱ्याला अगदी चिकटून एक ठिपका दिसेल. झूम केल्याशिवाय त्याचं नावही दिसत नाही.

हा ठिपका म्हणजे कास्तेलोरिझो. क्षेत्रफळ जेमतेम ९ चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे ५०० माणसांची. समोरचं तुर्कीचं काश हे गाव इतकं जवळ, की रात्री तिथले दिवे बेटावरून स्पष्ट दिसतात. बोटीने गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं. उलट अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटीने या बेटावर यायचं म्हटलं तर जवळपास अख्खा दिवस जातो.

आणि याच ठिपक्यावरून २०२० मध्ये ग्रीस आणि तुर्की या दोन नाटो देशांच्या युद्धनौका समुद्रात एकमेकींना धडकल्या होत्या.

सोशल मीडियावर या बेटाचे दोनच प्रकारचे व्हिडिओ फिरतात. एक म्हणजे निळंशार पाणी, रंगीत घरं आणि ब्लू केव्हचे रील्स. दुसरे म्हणजे ‘तुर्की हे बेट घेणार’ छापाचे, लाल बाण मारलेले नकाशे. रील्स खरे आहेत. नकाशांचं म्हणाल, तर तिथे थोडा घोळ आहे. तो समजून घ्यायचा तर आधी बेटाकडे जावं लागेल.

‘सगळ्यात मोठं’ बेट

या बेटाचं अधिकृत नाव मेगिस्ती. ग्रीक भाषेत याचा अर्थ होतो ‘सगळ्यात मोठं’. ९ चौरस किलोमीटरचं बेट आणि नाव हे! पण नाव चुकीचं नाहीये. आजूबाजूला रो, स्त्रोंगिली अशी आणखी पिटुकली बेटं आणि खडक आहेत, आणि त्या सगळ्यांत हे सर्वांत मोठं.

कास्तेलोरिझो हे नाव आलं ते ‘लाल किल्ला’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरून. चौदाव्या शतकात ऱ्होड्सवर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या नाइट्सनी बंदराच्या तोंडाशी तांबूस खडकावर किल्ला बांधला, त्याचे अवशेष आजही आहेत. तुर्की लोक याच बेटाला मेइस म्हणतात.

बेट म्हणजे सगळा चुनखडीचा डोंगर. सर्वांत उंच जागा २७३ मीटर. नदी नाही, ओढा नाही, शेतीला धड माती नाही. पूर्वी लोक पावसाचं पाणी टाक्यांमध्ये साठवून वर्ष काढायचे. सगळी वस्ती एकाच गावात, बंदराभोवती. मग इथे लोक राहिलेच का? तर त्या बंदरासाठी. या भागात वाऱ्यापासून इतकं सुरक्षित नैसर्गिक बंदर मिळणं ही मोठी गोष्ट होती. इथली माणसं जमिनीवर कधी जगलीच नाहीत, ती समुद्रावर जगली.

सोळाव्या शतकात बेट ऑटोमन साम्राज्यात गेलं. पण लोक ग्रीक बोलणारे आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनच राहिले. समोरच्या अनातोलियाच्या जंगलातलं लाकूड आणि कोळसा जहाजांत भरायचा आणि इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला नेऊन विकायचा, हा इथला मुख्य धंदा. एकोणिसाव्या शतकात या धंद्याने बेटावर इतका पैसा आणला की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकसंख्या ९-१० हजारांवर गेली होती. आज जिथे ५०० माणसं आहेत तिथे!

त्या काळी समोरचा किनारा परका नव्हता. बेटावरची कितीतरी कुटुंबं काशमध्ये स्थायिक झाली होती, लोकांच्या जमिनी तिकडे होत्या. बेट आणि किनारा मिळून एकच बाजारपेठ होती, फक्त मध्ये पाणी होतं. ती तुटली आणि बेटाचं नशीब फिरलं.

तीस वर्षांत सगळं संपलं

१९१३ च्या मार्च महिन्यात बेटावरच्या लोकांनी उठाव करून ऑटोमन अधिकाऱ्याला हाकललं आणि आम्हाला ग्रीसमध्ये घ्या अशी मागणी केली. पण मोठ्या सत्तांचे हिशेब वेगळे होते. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि डिसेंबर १९१५ मध्ये फ्रान्सने बेट ताब्यात घेतलं. मग समोरच्या किनाऱ्यावरून तुर्की तोफा धडाडू लागल्या. जानेवारी १९१७ मध्ये बंदरात उभं असलेलं बेन-माय-क्री हे ब्रिटिशांचं सीप्लेन वाहून नेणारं जहाज या तोफांनी बुडवलं. किनारा इतका जवळ की विमानवाहू जहाजाला जमिनीवरच्या तोफांनी टिपलं.

१९२१ मध्ये फ्रान्सने बेट इटलीकडे सोपवलं. १९२३ च्या लोझान तहात तुर्कीने त्यावरचा हक्क सोडला. त्याच वर्षी ग्रीस आणि तुर्की यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि काशमधले ग्रीक कायमचे गेले. बेट इटलीकडे असल्यामुळे इथल्या लोकांना मात्र हलावं लागलं नाही. घरं वाचली, पण लाकूड गेलं, जमिनी गेल्या, धंदा गेला. वाफेच्या बोटींमुळे शिडाच्या जहाजांचा काळही संपत आला होता. लोक बेट सोडू लागले. बरेच जण थेट ऑस्ट्रेलियाला गेले, पर्थ आणि सिडनीला.

खरा घाव दुसऱ्या महायुद्धात बसला. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर ब्रिटिश सैन्य बेटावर उतरलं आणि जर्मन विमानांनी बॉम्बफेक सुरू केली. उरलेल्या रहिवाशांना बाहेर काढावं लागलं. आधी सायप्रस, आणि तिथून पॅलेस्टाइनमधल्या निर्वासित छावणीत. ही छावणी कुठे होती माहितीये? गाझाजवळ, नुसैरातला. आज बातम्यांत ज्या नुसैरातचं नाव आपण ऐकतो, तिथेच १९४०च्या दशकात युरोपमधले ग्रीक निर्वासित तंबूंत राहत होते.

इकडे १९४४ च्या जुलैत रिकाम्या गावात इंधनाच्या साठ्याला आग लागली आणि जवळपास अर्धी घरं जळून गेली.

युद्ध संपलं. २९ सप्टेंबर १९४५ ला एम्पायर पॅट्रोल नावाचं जहाज सुमारे ५०० निर्वासितांना घेऊन इजिप्तच्या पोर्ट सैदमधून कास्तेलोरिझोकडे निघालं. दोन वर्षांनी घरी चाललेली माणसं होती ती. त्याच दिवशी समुद्रात जहाजाला आग लागली आणि ३३ जणांचा मृत्यू झाला. जे वाचले आणि पुढे बेटावर पोचले, त्यांच्यासमोर जळकी, मोडकी घरं होती. यातले कितीतरी जण मग ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांकडे निघून गेले. आज कास्तेलोरिझोच्या मूळ रहिवाशांचे वंशज बेटापेक्षा ऑस्ट्रेलियात कित्येक पटींनी जास्त आहेत. तिकडे त्यांना ‘कॅझी’ म्हणतात.

१९४७ च्या पॅरिस तहाने बेट ग्रीसला मिळालं आणि ७ मार्च १९४८ ला ते अधिकृतपणे ग्रीसमध्ये सामील झालं. म्हणजे १९१३ मध्ये केलेली मागणी पूर्ण झाली ती ३५ वर्षांनी, मागणी करणारे बहुतेक लोक निघून गेल्यावर.

मग आता भांडण कशाचं?

इथेच ते लाल बाणवाले नकाशे गल्लत करतात. कास्तेलोरिझो ग्रीसचं आहे, यावर तुर्की सरकारचा वाद नाही. वाद आहे तो बेटाभोवतीच्या समुद्राचा.

समुद्री कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार १९८२ मध्ये झाला. त्यानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाची सागरी हद्द असू शकते आणि २०० सागरी मैलांपर्यंत ‘विशेष आर्थिक क्षेत्र’. या क्षेत्रातले मासे, तेल, वायू यांवर त्या देशाचा हक्क असतो. करार असंही सांगतो की, बेटालाही मुख्य भूमीसारखाच हा हक्क आहे. अपवाद फक्त अशा खडकांचा, जिथे माणूस राहू शकत नाही किंवा स्वतःचं आर्थिक जीवन नाही. (लक्षद्वीप आणि अंदमानमुळे भारताच्या वाट्याला येणारा मोठा समुद्र हा याच नियमाचा फायदा आहे.)

आता हा नियम कास्तेलोरिझोला लावा. बेटाला पूर्ण हक्क दिला, तर ग्रीसचं समुद्री क्षेत्र पूर्वेकडे सरकत थेट सायप्रसच्या क्षेत्राला जाऊन भिडतं आणि तुर्कीच्या वाट्याला अंतालियाच्या आखातासमोरचा एक तुकडा उरतो. बेटाला गणलंच नाही, तर तुर्कीचं क्षेत्र दक्षिणेकडे थेट इजिप्तच्या क्षेत्रापर्यंत पोचतं. मधे काही नाही. एका ठिपक्यावर सगळा नकाशा फिरतो.

तुर्कीच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२० मध्ये हेच आकड्यांत मांडलं होतं: १० चौरस किलोमीटरचं बेट, आमच्यापासून २ किलोमीटरवर, ग्रीसच्या मुख्य भूमीपासून ५८० किलोमीटरवर, आणि त्यासाठी ४० हजार चौरस किलोमीटर समुद्र मागितला जातोय. ऐकायला हा युक्तिवाद पटतो. पण ग्रीसचं उत्तरही सोपं आहे: कायद्यात बेट केवढं असावं याची अट नाही, आणि इथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत.

गंमत म्हणजे तुर्कीने या करारावर सहीच केलेली नाही.

मग कोर्टात गेलं तर? न्यायालयं अशा वेळी सहसा बेटाचा आकार, जागा आणि समोरच्या किनाऱ्याची लांबी बघून मधला मार्ग काढतात. १९७७ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या ब्रिटिश चॅनल बेटांना लवादाने भोवतीचा १२ मैलांचाच पट्टा दिला. २००९ मध्ये रोमानिया विरुद्ध युक्रेन खटल्यात स्नेक आयलंडला १२ मैलांपलीकडे काहीच मिळालं नाही. अर्थात स्नेक आयलंड कास्तेलोरिझोच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकंच आहे, त्यामुळे ते उदाहरण जसंच्या तसं लागू होणार नाही. तरी माझ्या मते या खटल्यांकडे बघून एवढं म्हणता येतं की, कोर्टात दोघांपैकी कुणालाच सगळं मिळणार नाही. कदाचित म्हणूनच दोघांना घाई नाही. १९७६ मध्ये एजियन समुद्राच्या वादात ग्रीस आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता, पण आपल्याला हा खटला चालवण्याचा अधिकार नाही असं न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं. दोन्ही देश मिळून गेले तरच मार्ग आहे.

२०२० चा उन्हाळा

२०१५ मध्ये इजिप्तच्या समुद्रात झोर हे प्रचंड वायूक्षेत्र सापडलं आणि पूर्व भूमध्य समुद्रातल्या प्रत्येक रेषेची किंमत वाढली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तुर्कीने लिबियाशी करार करून आपली रेषा आखली. ६ ऑगस्ट २०२० ला ग्रीसने इजिप्तशी करार करून दुसरी आखली. पण नीट बघितलं तर ही रेषा कास्तेलोरिझोच्या बऱ्याच पश्चिमेला थांबते. सर्वांत अवघड जागा त्या करारानेही टाळली.

काही दिवसांतच तुर्कीचं ओरुच रेइस हे सर्वेक्षण जहाज नौदलाच्या संरक्षणात बेटाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात गेलं. १२ ऑगस्टला ग्रीसची लिम्नोस आणि तुर्कीची केमाल रेइस या युद्धनौका एकमेकींवर आदळल्या. जीवितहानी झाली नाही. नोव्हेंबरच्या शेवटी सर्वेक्षण जहाज मागे गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांनी अथेन्स जाहीरनाम्यावर सह्या केल्या, चांगल्या शेजाऱ्यांसारखं राहायचं ठरवलं. समुद्राच्या रेषेचं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही.

आणि बेटावर?

बेटावरच्या लोकांना यातलं काही नवीन नाही. मोठे निर्णय कुणीतरी दुसरं घेतं आणि त्यात आपलं बेट येतं, हे त्यांनी शंभर वर्षं पाहिलंय. २३ एप्रिल २०१० ला ग्रीसचे पंतप्रधान जॉर्ज पापांद्रेऊ यांनी देश कर्जात बुडाल्याचं सांगत आंतरराष्ट्रीय मदत मागितली, तेव्हा ते नेमके याच बंदरासमोर उभे होते. मागे निळं पाणी, रंगीत घरं. ग्रीक लोकांच्या डोक्यात आर्थिक संकट आणि कास्तेलोरिझोचं बंदर ही जोडी तेव्हापासून पक्की बसलीय. त्याआधी बेट जगाला माहीत होतं ते ‘मेदितेरानेओ’ या १९९१ च्या इटालियन सिनेमामुळे. त्याला ऑस्कर मिळालं आणि पर्यटक येऊ लागले.

भाजीपाला, कपडे, किरकोळ सामान यासाठी बेटावरची माणसं अनेक वर्षं समोर काशच्या बाजारात जात आली आहेत. ऱ्होड्सपेक्षा ते जवळ आणि स्वस्त. २०२४ पासून तुर्की नागरिकांना काही ग्रीक बेटांवर सात दिवसांचा व्हिसा पोचल्यावरच मिळू लागला, त्या यादीत कास्तेलोरिझोही आहे.

आता रो या शेजारच्या बेटाबद्दल. तिथे देस्पिना अखलादिओती नावाची बाई राहायची. १९२०च्या दशकात ती नवऱ्यासोबत तिथे गेली, बकऱ्या आणि कोंबड्या पाळून राहिली. १९४० मध्ये नवरा गेला, तरी तिने बेट सोडलं नाही. रोज सकाळी ती ग्रीसचा झेंडा उभारायची आणि संध्याकाळी उतरवायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघायलाही नव्हतं. चाळीसेक वर्षं तिने हे केलं. ग्रीसने नंतर तिचा सन्मान केला, ‘रोची बाई’ म्हणून ती देशभर ओळखली गेली. १९८२ मध्ये ती वारली आणि तिला रो बेटावरच पुरलं. आता तिथे काही ग्रीक सैनिक असतात, आणि झेंडा ते उभारतात.